कप्पा बदलला की बाण खोटा

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या होती २५,३५,७१५. २००१ च्या जनगणनेत ती भरली १७,०७,९४७. म्हणजे दहा वर्षांत सव्वाआठ लाख माणसं कमी. जवळजवळ ३३ टक्के घट! ना युद्ध झालं, ना साथ आली, ना गावंच्या गावं ओस पडली. मग एवढी माणसं गेली कुठे?

धुळ्याच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हसेल. "कुठे जातील भो? नंदुरबारला आहेत ना!" १ जुलै १९९८ ला जुन्या धुळे जिल्ह्याची वाटणी झाली. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) हे सहा तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा हे चार मागे राहिले. माणसं जागची हलली नाहीत. कप्पा हलला.

कोडं सोपं आहे, कारण जिल्हा फुटला हे आपल्याला माहीत आहे. आता हेच आकडे एखाद्या रिपोर्टिंग टूलला खायला घाला. कुठलंही टूल घ्या, माझं कुणाशी वैर नाही. ते काय करेल? 'धुळे' या ओळीत खाली तोंड केलेला लाल बाण, शेजारी ३२.६ टक्के. 'नंदुरबार' या ओळीत १९९१ च्या खाली शून्य, २००१ च्या खाली १३,११,७०९, आणि वाढीच्या जागी एकतर रिकामं किंवा अनंताचं चिन्ह. टूलला वाटतं की सातपुड्याच्या पायथ्याशी १९९१ मध्ये चिटपाखरू नव्हतं. रंगसंगती छान, फॉन्ट सुंदर, माउस नेला की फुगा उघडतो. आणि माहिती शंभर टक्के चुकीची.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जिल्ह्याचं आपल्याला कळतं की! बरोबर. पण आपल्या ऑफिसातल्या डॅशबोर्डवर जे वीस-पंचवीस कप्पे असतात, त्यातला कुठला कधी फुटला, कुठला कुणात विलीन झाला, हे कुणाला कळतं? तिथे धुळ्याचा माणूस नसतो हसायला. तिथे फक्त बाण असतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. ज्या कप्प्याचा अर्थ दोन्ही तारखांना एकच होता हे तुम्हाला दाखवता येत नाही, त्या कप्प्याच्या दोन मोजण्यांमध्ये बाण काढायचा नाही. माहीत असून काढलात तर ती चूक नव्हे, खोटं बोलणं आहे. आणि हे खोटं आपण आयटीवाले दर महिन्याला, वेळापत्रकानुसार, पगार घेऊन बोलतो.

मी हे इतक्या तावातावाने का बोलतोय? कारण मी ते बोललोय.

तीन वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी ग्राहकांच्या तक्रारींचा डॅशबोर्ड बांधला होता. (नाव सांगणार नाही, ते महत्त्वाचंही नाही.) फोनवर बसणारी पोरं तक्रार नोंदवताना ड्रॉपडाउनमधून प्रकार निवडायची. महिन्याच्या शेवटी प्रत्येक प्रकाराच्या किती तक्रारी आल्या ते मोजायचं, मागच्या महिन्याशी तुलना करायची, बाण काढायचा. झालं. एके महिन्यात 'डिलिव्हरीला उशीर' हा प्रकार जवळजवळ निम्म्यावर आला. भला मोठा हिरवा बाण. मीटिंगमध्ये कौतुक झालं, ज्याने ते सादर केलं त्याला शाबासकी मिळाली, मलाही 'छान दिसतंय' असा मेल आला. मी खूष.

खरं काय झालं होतं? त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ड्रॉपडाउनमध्ये दोन नवे पर्याय आले होते. 'पत्ता सापडला नाही' आणि 'ग्राहक घरी नव्हता'. आधी या तक्रारी 'उशीर' याच प्रकारात पडायच्या. आता त्या दोन नव्या कप्प्यांत पडू लागल्या. पण नव्या कप्प्यांना मागचा महिनाच नव्हता, म्हणून त्यांच्यापुढे बाण नव्हता. नुसती आडवी रेघ. बाण नसलेल्या ओळीकडे कोण बघतो? पार्सलं पूर्वीइतकीच उशिरा पोचत होती.

पुढच्या तिमाहीत उशिराच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीममधल्या दोघांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण उघड होतं, काम कमी झालंय ना! त्यातली एक मुलगी अमळनेरची होती, कँटीनमध्ये खानदेशी बोलायला मिळतं म्हणून आमची ओळख. ती गेली त्यानंतर दोन महिन्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी सगळ्या प्रकारांची बेरीज केली आणि माझ्या लक्षात आलं की एकूण आकडा जागचा हललेलाच नाही. मग मेल चाळले. ड्रॉपडाउन बदलल्याची सूचना माझ्या इनबॉक्समध्ये पडलेली होती. उघडलेली, वाचलेली. ती मुलगी नुसत्या माझ्या बाणाने गेली असं मी म्हणत नाही, कंत्राटं जायला कंपनीला दहा कारणं असतात. पण कागदावर जे कारण लिहिलं गेलं, ते मी रंगवलेलं होतं.

असो. तेव्हापासून मला बाण दिसला की आधी कप्पा तपासायची सवय लागली. आणि ही सवय लागल्यावर ऑफिसाबाहेरही जिकडे बघावं तिकडे तेच दिसायला लागलं.

धुळ्याचंच पुढे बघू. काही हुशार मंडळी म्हणतात की नुसती संख्या नको, टक्केवारी घ्या, म्हणजे कप्प्याच्या आकाराचा प्रश्न सुटतो. नाही सुटत, राव! २००१ मध्ये धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण होतं सुमारे २६ टक्के. नंदुरबारमध्ये होतं साडेपासष्ट टक्के. दोन्ही जिल्हे परत एकत्र केले तर येतं ४३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला वाटणीची बातमी नाही, तो म्हणणार की धुळ्यातला आदिवासी समाज एकदम घटला, तेव्हा योजनांचा पैसा दुसरीकडे वळवा. टक्केवारीनेसुद्धा कप्प्याचीच मोजणी होते. कप्पाच बदलला तर टक्केवारी कोणाला वाचवणार?

उलट काम नीट कसं करायचं हेही जनगणनेनेच दाखवून ठेवलंय. २००१ चे आकडे देताना १९९१ ची लोकसंख्या नव्या हद्दींप्रमाणे परत मांडली गेली. नव्या हद्दीतलं धुळे १९९१ मध्ये सुमारे १४ लाख ७३ हजारांचं होतं आणि नंदुरबार सुमारे १० लाख ६२ हजारांचं. आता तुलना करा. धुळे वाढलं १६ टक्क्यांनी, नंदुरबार वाढलं २३ टक्क्यांहून थोडं जास्त. लाल बाणाचा हिरवा बाण झाला! दोघांची मिळून बेरीज ३०,१९,६५६, म्हणजे अखंड धुळे जिल्हा १९ टक्क्यांनी वाढला. पुढे २०११ मध्ये धुळे २०,५०,८६२ आणि नंदुरबार १६,४८,२९५. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्हे तेच राहिले, म्हणून इथे बाण काढायला माझी काही हरकत नाही. खुशाल काढा, रंगही तुमच्या आवडीचा द्या.

तशी खानदेशला वाटणीची सवय जुनीच आहे. १९०६ मध्ये एका खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे पूर्व खानदेशचं जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशचं धुळे. म्हणजे 'खानदेशात शंभर वर्षांत काय बदललं' असा तक्ता करायचा तर आधी तीन वेळा कप्पे जुळवायला लागतील. आणि जिल्ह्याचं त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण गाव नकाशावर दिसतं. माणसाच्या तोंडातली भाषा कुठल्या कप्प्यात टाकायची?

हा आकडा बघा. जनगणनेच्या भाषांच्या यादीत 'खानदेशी' अशी एक भाषा आहे. अहिराणी तिच्याच पोटात धरली जाते. १९९१ मध्ये खानदेशी बोलणारे होते ९,७३,७०९. २००१ मध्ये २०,७५,२५८. २०११ मध्ये १८,६०,२३६. बाण काढायचे तर पहिल्या दशकात ११३ टक्के वाढ, दुसऱ्या दशकात १० टक्के घट. आता मला सांगा, नव्वदच्या दशकात खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरांतच दुप्पट पोरं जन्मली का? आणि २००१ नंतर दोन लाख लोक एका सकाळी उठून अहिराणी विसरले का?

हा आकडा कसा तयार होतो ते मी आमच्या दारात पाहिलंय. २०११ चा फेब्रुवारी. शाळेतले एक सर जनगणनेचा फॉर्म घेऊन आले. घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी विचारायची असते, पण वडिलांनी एका दमात सांगून टाकलं, "सगळ्यांची मराठी लिहा सर." आजी आतून ओरडली, "काय लिखी ऱ्हायना रे तो?" जिला आयुष्यभर अहिराणीशिवाय दुसरं नीट बोलता आलं नाही, ती त्या दुपारी मराठीभाषक झाली. वडिलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या शाळेत शिकवलं होतं की अहिराणी ही मराठीची बोली आहे. मग भाषा कुठली? मराठी. उत्तर अगदी बरोबर.

पण हाच प्रश्न ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाला विचारा. तिथे मराठीचा खंड वेगळा, आणि खानदेशी १९०७ च्या भागात भिल्ल भाषांच्या सोबत बसवलेली. बहिणाबाई चौधरींची बोली अहिराणी की लेवा, हा वाद जळगावात काढून बघा, चहा गार होईल पण वाद संपणार नाही. ज्यांचा जन्म या बोलीत गेला त्यांचंच एकमत नाही, आणि आपण दशांश चिन्हापर्यंत टक्के काढतो!

शिवाय दारात सांगितलेलं उत्तर सरळ तक्त्यात जात नाही. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं होती १९,५६९. ती तपासून, जुळवून त्यातून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि १,४७४ नावं 'अवर्गीकृत' म्हणून बाजूला गेली. मग १० हजार किंवा जास्त बोलणारे असलेल्या २७० मातृभाषा घेऊन त्या १२१ भाषांच्या कप्प्यांत बसवल्या. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ठरवतं की हे त्याच्यात टाका आणि ते ह्याच्यात. हे काम लागतंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण १९९१ चे १८ लाखांच्या निम्मे आणि २०११ चे १८ लाख यांत भाषा किती वाढली, लोकांचं उत्तर किती बदललं आणि जुळवाजुळव किती बदलली, हे तिन्ही एकाच आकड्यात कालवलेलं आहे. बाण काढला की वाचणारा फक्त पहिलंच धरतो. एक म्हणतो 'अहिराणी जोरात आहे', दुसरा म्हणतो 'अहिराणी मरतेय', आणि दोघांच्या हातात एकच तक्ता!

मघाशी मी बेरजेची युक्ती सांगितली ना, एक कप्पा पडला तर शेजारचा फुगलाय का ते बघा? ती इथे चालत नाही. शेजारचा कप्पा मराठीचा आहे, २०११ मध्ये ८ कोटी ३० लाखांचा. त्यात दोन लाख आले काय आणि गेले काय, पत्ताही लागत नाही. छोटा कप्पा मोठ्या कप्प्यात सांडतो तेव्हा मोठ्याला कळत नाही आणि छोट्याचा जीव जातो. ऑफिसात त्या मोठ्या कप्प्याचं नाव बहुधा 'इतर' असतं.

आता जरा गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल काढतो. २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार करणारे या कप्प्यात देशभरातल्या ११,७७२ आत्महत्या होत्या. २०१४ च्या अहवालात 'शेतकरी' या कप्प्यात ५,६५०. निम्म्याहून कमी! कुठलंही टूल इथे हिरवा बाण काढेल आणि कुठलाही मंत्री तो बाण भाषणात घेईल. पण २०१४ पासून कप्पेच बदलले होते. शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे. शेतमजुरांच्या कप्प्यात होते ६,७१०. दोन्ही मिळून १२,३६०. महाराष्ट्रापुरतं बघा. २०१३ मध्ये ३,१४६. २०१४ मध्ये शेतकरी २,५६८, शेतमजूर १,४३६, एकूण ४,००४. एकट्या 'शेतकरी' ओळीवर बाण काढला तर महाराष्ट्रात १८ टक्के घट. बेरजेवर काढला तर २७ टक्के वाढ. तीच माणसं, तीच घरं, तोच कापूस. बाणाची दिशा मात्र उलटी.

बेरीजच बरोबर असंही डोळे मिटून म्हणू नका. जुन्या कप्प्यात शेतमजूर धरले जात होते की नाही, यावर ती तुलनासुद्धा अवलंबून आहे. ज्याला बाण काढायचाय त्याने आधी ते शोधायचं आणि बाणाशेजारी लिहायचं. तेवढे कष्ट नसतील घ्यायचे तर दोन आकडे नुसते शेजारी ठेवा आणि मधे एक उभी रेघ मारा.

कारण 'शेतकरी' हा कप्पा नुसता तक्त्यात राहत नाही. तो माणसाच्या घरात येतो. आपल्याकडे आत्महत्येनंतर सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरतं. त्यात सातबारा बघतात, कर्जाचे कागद बघतात. जमीन बापाच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, कसणारा दुसराच, किंवा कसणारी बाई जिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. ही माणसं शेतकरी होती की नव्हती, हे कुणाच्या तरी टेबलावर एका रकान्यात ठरतं. आणि मग वर्षअखेर आपण विचारतो की आकडा वाढला की कमी झाला.

आता माझ्या मॅनेजर मित्रांचे नेहमीचे युक्तिवाद. मला पाठ आहेत.

पहिला. "अरे, इतके कप्पे कुठे बदलतात? तू उगाच टोकाची उदाहरणं देतोस." बरं, साधं उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून. पिच्चरमध्येसुद्धा पाठ झालेलं कलम. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हा क्रमांक धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दलच्या कलमाला मिळालाय. एखाद्याने कलमाच्या आकड्यावर मोजणी लावून ठेवली असेल तर त्याच्या रिपोर्टमध्ये जुलै २०२४ पासून नवे खून जवळपास बंद झालेले दिसतील! इथे तर कप्प्याचं लेबल तेच आणि आतला माल दुसरा. याहून वाईट काय असू शकतं? आणि तुमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी विभागांची फेररचना होते, त्याचं काय?

दुसरा. "क्लायंटला एकच आकडा हवा असतो. एवढं लेक्चर कोण ऐकणार?" हे खरं आहे, क्लायंटला एकच आकडा हवा असतो. मलाही महिन्याला एकच मोठा आकडा बँकेत यायला हवा असतो. हवा असणं आणि खरा असणं यात फरक आहे. डॉक्टरला आपण 'एकच आकडा सांगा' म्हणतो, पण रक्त तपासायचं मशीन मधेच बदललं तर तो सांगतोच ना, की हे जुन्या रिपोर्टशी ताडून बघू नका?

तिसरा. "खाली बारीक अक्षरात टीप दिलेली आहे." हा माझा सगळ्यात लाडका. बाण छत्तीसच्या फॉन्टमध्ये आणि टीप आठच्या! स्क्रीनशॉट काढताना टीप कापली जाते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जी गोष्ट बाणाला खोटं ठरवते ती बाणाच्याच जागी हवी.

चौथा आणि जरा बरा. "मग कप्पे कधी बदलायचेच नाहीत का?" बदलायचे की! धडगावच्या माणसाला प्रत्येक कागदासाठी धुळ्यापर्यंत यावं लागत होतं, त्याच्यासाठी नंदुरबार जिल्हा झाला ते चांगलंच झालं. शेतमजुरांचा वेगळा आकडा मिळाला तेही चांगलं झालं, आधी ते दिसतच नव्हते. 'पत्ता सापडला नाही' हा पर्याय देणाऱ्याने फोनवरच्या पोरांचं कामच सोपं केलं. माझं भांडण बदलाशी नाही. बदल लपवण्याशी आहे.

बरं, करायचं काय? रॉकेट सायन्स नाही. राल्फ किंबॉलने डेटा वेअरहाउसवरचं पुस्तक १९९६ मध्ये लिहिलं, त्यात याच दुखण्यावरचे तीन उपाय 'प्रकार १, २, ३' म्हणून सांगितलेत. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी ते मुलाखतीसाठी पाठ केलेत आणि नोकरी लागल्यावर विसरलेत. प्रकार १ म्हणजे जुनं नाव पुसून नवं लिहायचं. सोपं, पण इतिहास गेला. प्रकार २ म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवायची, नवी ओळ घालायची, आणि दोन्हींवर 'कधीपासून कधीपर्यंत' लिहायचं. प्रकार ३ म्हणजे त्याच ओळीत जुन्या मूल्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा. प्रकल्प घाईत असला की सगळे प्रकार १ करतात. जिथून खोटे बाण निघतात ती खाण हीच.

माझ्यापुरते मी चार नियम केलेत.

एक, प्रत्येक कप्प्याला जन्मतारीख, आणि लागलीच तर मृत्यूची तारीख. १९९१ मध्ये नंदुरबार जिल्ह्यापुढे शून्य छापायचं नाही, 'तेव्हा नव्हता' छापायचं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही मिळालं नाही. 'नव्हता' म्हणजे मोजलंच नाही. या दोघांना एक समजणं हा गुन्हा आहे.

दोन, जुन्या-नव्या कप्प्यांचा जुळणी तक्ता. कुठला कशात गेला, कुठल्या तारखेपासून, कुणी ठरवलं. तो तक्ता रिपोर्टच्या सोबत उघडला पाहिजे, कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये नको.

तीन, दोन्ही आकडे दाखवायचे. तेव्हाच्या कप्प्यांप्रमाणे एक आणि आजच्या कप्प्यांप्रमाणे एक. पहिला नसेल तर जुन्या कागदांशी मेळ बसत नाही, दुसरा नसेल तर तुलना करता येत नाही. आणि पुन्हा मांडता येत नसेल, जसं माझ्या आजीचं उत्तर आता कुणालाच पुन्हा मांडता येणार नाही, तर रेघ तोडायची. ग्राफमध्ये त्या जागी फट ठेवायची. फट कुरूप दिसते, दिसू दे.

चार, प्रत्येक तुलनेखाली बेरीज आणि 'इतर'. एखादा कप्पा अचानक पडला आणि बेरीज जागच्या जागी असली तर माल शेजारी सांडलाय. मला ती अमळनेरची मुलगी जायच्या आधी एवढं एक केलं असतं तरी पुरलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं.

येणाऱ्या काळात याची गरज वाढणार आहे, कमी होणार नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. तिच्याऐवजी २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि जिल्हे-तालुक्यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायचं ठरलं. का गोठवतात? कारण मोजणी चालू असताना कप्पा हलला तर आकड्याला अर्थ राहत नाही, हे त्या खात्याला दीडशे वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. याच जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची मोजणीही ठरली आहे. १९३१ चे आकडे आणि २०२७ चे आकडे शेजारी ठेवून बाण काढायला किती जण टपून बसले असतील, विचार करा! मधल्या शंभरेक वर्षांत जातींची नावं बदलली, पोटजाती एकत्र आल्या, राज्यं बदलली, देशाची फाळणी झाली. पण बाण निघणार. आणि ते काढणारं टूल आपल्यापैकीच कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत बांधलेलं असणार.

म्हणून सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. तुमच्या डॅशबोर्डवरचा सगळ्यात मोठा बाण निवडा, हिरवा किंवा लाल. आणि विचारा, हा कप्पा मागच्या वेळी हाच होता का? उत्तर 'माहीत नाही' आलं, तर तो बाण काढून टाका. मॅनेजर ओरडेल. ओरडू दे. त्याला धुळे जिल्ह्याचं कोडं घाला.

मी माझ्यापुरतं आणखी एक ठरवलंय. यावेळी फॉर्म घेऊन कुणी आलं की दारात मीच जाणार. आजी आता नाही. माझ्या नावापुढे मात्र मी अहिराणी लिहायला सांगणार आहे. त्यामुळे खानदेशीचा आकडा एकाने वाढेल. तुम्ही त्यावर बाण काढू नका म्हणजे झालं.